नाण्याचे गाव

प्लिनी या रोमन ग्रंथकाराने श्रीलंकेच्या एका राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळात तांबड्या समुद्रावरचा कर वसूल करण्याचा मक्ता ॲनिअस प्लोकेमस नावाच्या माणसाकडे होता. गुलामगिरीतून मुक्त केलेला त्याचा एक माणूस अरबस्तानाच्या किनाऱ्याने जात असता वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी श्रीलंकेच्या एका बंदराला लागला. राजाने त्याला सहा महिने पाहुणा म्हणून ठेवून घेतले. त्याच्याजवळच्या पैशांत चांदीची रोमन नाणी होती. नाण्यांवरचे चेहरे निरनिराळे, म्हणजे ती निरनिराळ्या सत्ताधीशांनी पाडलेली. पण वजनाला सगळी सारखी. राजाला याचे मोठे कौतुक वाटले. माणसे बदलली तरी ज्यांचे माप बदलत नाही ते लोक प्रामाणिक असले पाहिजेत, असे त्याने ठरवले आणि रोमकडे चार वकील पाठवले.

गोष्ट गोड आहे. पण प्लिनीने ती लिहिली तोवर ते माप बदललेले होते. क्लॉडियसच्या मागून गादीवर आलेल्या नीरोने इ. स. ६४ मध्ये नाण्याचे वजन उतरवले. आधी एका रोमन पौंड चांदीत ८४ नाणी पाडत, ती आता ९६ पाडू लागले. शिवाय चांदीत तांबेही वाढवले. राजाने ज्याची वाखाणणी केली तो गुण त्याच्या वकिलांनंतर फार काळ टिकला नाही.

त्या जुन्या, पूर्ण वजनाच्या नाण्यांपैकी एक माझ्याकडे आहे. त्याविषयी लिहायचे म्हणजे थोडे इतिहासाविषयी आणि थोडे स्वतःच्या चुकीविषयी लिहावे लागेल.

या नाण्याचे नाव दिनारियस. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. २११ च्या सुमारास, रोमने ते प्रथम पाडले आणि पुढची साडेचारशे वर्षे ते चालले. सुरुवातीला त्याची किंमत दहा आस, म्हणजे दहा तांब्याची नाणी, एवढी होती. नावातला 'दहा' तिथून आला. पुढे किंमत सोळा आस झाली तरी नाव तेच राहिले. ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस होता, आणि बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनारियस आहे. शब्द मात्र नाण्यापेक्षा दूर गेला. गुप्तकाळातील लेखांत सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हटले आहे; अरबांचा दिनार, पोर्तुगीजांचा 'दिन्येरु' म्हणजे पैसा, ही त्याचीच भावंडे. इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत पेनीची खूण म्हणून 'डी' हे अक्षर लिहीत, ते याच दिनारियसचे. आपला 'दाम' असाच ग्रीक द्राख्मावरून द्रम्म होत आला. अनुवादाचा धंदा करणाऱ्या माणसाला या नाण्याचा मोह पडावा यात नवल नाही.

माझ्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर तिबेरियसचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. भोवतीची अक्षरे तोडून तोडून लिहिलेली आहेत. पूर्ण वाचली तर अर्थ होतो, 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र तिबेरियस सीझर ऑगस्टस'. मागे हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे, आणि 'मुख्य पुरोहित' या अर्थाची दोन तुटक पदे. हे नाणे आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे, तेव्हाच्या लुग्दुनुमला पडले. सीझरचे सीझरला द्या, असे येशूने ज्या नाण्याकडे बोट दाखवून म्हटले ते हेच, असे विकणारे सांगतात. बायबलमध्ये सम्राटाचे नाव दिलेले नाही, पण या समजुतीमुळे किंमत चढते. माझ्या नाण्याला आणखी एक खूण आहे. तिबेरियसच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव आहे.

रोमन चांदी जमवण्याचा नाद रोमन लोकांइतकाच जुना आहे. स्युटोनियस सांगतो की सॅटर्नेलियाच्या सणाला ऑगस्टस आप्तेष्टांना भेटी देई, त्यांत जुन्या राजांची आणि परदेशांतली नाणीही असत. सुमारे शंभर वर्षांनी ट्रेजनने झिजलेली जुनी नाणी आटवली, तेव्हा प्रजासत्ताकाच्या काळातल्या काही जुन्या ठशांची नाणी स्वतःच्या नावासह पुन्हा पाडली. आटवण्याचे आणि आठवण ठेवण्याचे काम एकाच टांकसाळीत चालले होते.

अर्वाचीन संग्राहकांची परंपरा सहसा पेत्रार्कपासून सांगतात. हा इटालियन कवी रोममध्ये असला की द्राक्षमळ्यांत खणणारे मजूर जमिनीतून निघालेली नाणी आणि कोरीव खडे घेऊन त्याच्याकडे येत. कधी विकायला, कधी नाण्यावरचा चेहरा कोणाचा हे विचारायला. १३५४ च्या हिवाळ्यात मांतुआ येथे त्याची सम्राट चौथ्या चार्ल्सशी भेट झाली. पेत्रार्कने त्याला सोन्याचांदीची काही रोमन नाणी नजर केली. त्यांत ऑगस्टसचा चेहरा होता, जणू श्वास घेणारा, असे त्याने पत्रात लिहिले आहे. त्याचा हेतू असा, की ज्यांच्या गादीवर तुम्ही बसला आहात ते कसे होते ते बघा आणि तसे वागा.

त्या मजुरांनी नाणी नेमकी कोणत्या मळ्यात, किती खोल, कशासोबत खणून काढली, हे पेत्रार्कने लिहिले नाही. त्या काळी तसे विचारणे कुणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते. नाणे म्हणजे चेहरा आणि नाव. पुढची काही शतके अभ्यास त्याच वाटेने गेला आणि बराच दूरही गेला. फुल्विओ ओर्सिनीने १५७७ मध्ये प्रजासत्ताकातली नाणी त्यांच्यावर नावे असलेल्या घराण्यांप्रमाणे लावली. व्हिएन्नाच्या राजसंग्रहाचा प्रमुख योझेफ एकेल याने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांत प्राचीन नाण्यांचे सारे शास्त्र बसवून दिले. हे सगळे खाजगी संग्रहांच्या आणि राजेरजवाड्यांच्या हौसेच्या आधारावर उभे राहिले. संग्राहक नसते तर यातली बरीच चांदी सोनाराच्या मुशीत गेली असती. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

हौस आली की तिच्यामागून नक्कल येतेच. खुद्द रोममध्ये तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून दिनारियस खपवत. अशी पुष्कळ नाणी आज पत्रा फाटून आतले तांबे दाखवत संग्रहांत पडून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा कसबी माणूस होऊन गेला. तो प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरी. नवी पाडलेली नाणी लोखंडाचा कीस भरलेल्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधी आणि रपेटीला निघे. खडखडून नाण्यांचा नवेपणा गेला की ती संग्राहकांच्या कपाटात जाण्याइतकी म्हातारी होत. चेहरा आणि नाव एवढ्यावरच ज्यांची नजर असते त्यांना बेकरने नेमके तेच दिले.

जे बेकरला करता येण्यासारखे नव्हते ते म्हणजे जमीन. नाणी बहुधा एकेकटी पुरलेली नसतात. हंड्यात, मडक्यात, पिशवीत साठा म्हणून पुरलेली असतात. त्या साठ्याला जे बोलता येते ते सुट्या नाण्याला येत नाही. समजा, जुन्या ट्रंकेच्या तळाशी आजीने बांधून ठेवलेली नोटांची पुरचुंडी सापडली. आत पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा आहेत, दोन हजारांची एकही नाही. पुरचुंडी नोव्हेंबर २०१६ च्या आधी बांधली असावी, हे कोणीही सांगेल. त्याच नोटा सुट्या करून दहा जणांना वाटून टाका. आता एकाही नोटेवरून काही सांगता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात मोमसेनने आणि पुढे १९७४ मध्ये मायकेल क्रॉफर्डने प्रजासत्ताकाच्या नाण्यांचा कालक्रम लावला, त्यात मोठा आधार अशा पुरचुंड्यांचा होता. कोणत्या साठ्यात कोणते नाणे आहे, कोणते अजून नाही, कोणते झिजलेले आणि कोणते कोरे आहे, हे बघत बघत तो क्रम बसला.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० मध्ये एका हौशी माणसाला धातुशोधक यंत्राने जमिनीत नाणी असल्याचे कळले. मडक्याचा काठ लागताच त्याने खणणे थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी मडके थर थर करून रिकामे केले. नाणी निघाली ५२,५०३, वजन सुमारे १६० किलो. बहुतेक तिसऱ्या शतकातली, नावापुरती चांदी उरलेली. पण त्यांत कॅरॉशियस या बंडखोर सम्राटाचे पाच दिनारियस चांगल्या चांदीचे होते. थर मोजल्यावर दिसले की सर्वांत नव्या राजवटीची, म्हणजे कॅरॉशियसचीच नाणी बहुसंख्येने मडक्याच्या खालच्या भागात आहेत. वर्षानुवर्षे बचत टाकत गेले असते तर नवी नाणी वर आली असती. म्हणजे मडके एकदाच, एका वेळी भरले होते. ते इतके पातळ होते की भरल्यावर उचलताच आले नसते. आधी खड्ड्यात ठेवून मग भरले असणार. ही बचत नसून देवाला वाहिलेले काही असावे, असा तर्क त्यावरून निघाला. त्या माणसाने उत्साहाच्या भरात हात घालून नाणी उपसली असती तर बावन्न हजार नाणी मिळाली असती, पण हे कळले नसते.

आता आपल्याकडचे. कोइम्बतूर भागातल्या बुदिनत्तम येथे सुमारे चौदाशे दिनारियस मिळाले, आणि तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली येथे दीड हजारांवर. दक्षिण भारतातल्या अशा साठ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नाणी बहुतेक ऑगस्टस आणि तिबेरियस या दोघांचीच, आणि त्यांतही मुख्यतः दोन ठशांची: एका ठशावर ऑगस्टसचे नातू गायस व लुसियस उभे आहेत, दुसरा माझ्याकडच्या नाण्याचा. नीरोने वजन उतरवल्यानंतरची चांदी फार थोडी. यावरून अभ्यासकांनी असे मांडले आहे, की इथे माल घेणाऱ्या-देणाऱ्यांना जुने, पूर्ण वजनाचे नाणेच हवे होते आणि रोमन व्यापारी तेच निवडून आणत, बहुधा इ. स. ६४ नंतरही. टॅसिटसने जर्मानियातल्या टोळ्यांविषयी असेच लिहिले आहे. त्यांना जुनी, ओळखीची, काठाला दाते पाडलेली आणि रथाच्या चित्राची नाणी आवडत. साम्राज्याच्या दोन टोकांना लोक रोमच्या टांकसाळीवर एकाच रीतीने लक्ष ठेवून होते. श्रीलंकेच्या राजाची गोष्टही या उजेडात नुसती दंतकथा राहत नाही.

गालावरचे घावही इथलेच. भारतात मिळालेल्या रोमन नाण्यांपैकी काहींवर असे छिन्नीचे वार आहेत. पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये पाचशे एक सोन्याची नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर असा वार आहे. आत तांबे तर नाही ना, हे तपासण्यासाठी म्हणावे, तर सोन्यावर दर वेळी चेहऱ्यावरच कशाला? हे नाणे आता चलन नाही, धातू आहे, असे सांगणारी ती खूण असावी, असे एक मत आहे. कुणाला ते चेहरे नुसते सुंदरही वाटले. हैदराबादजवळच्या कोंडापूरला (आयटी कंपन्यांचे कोंडापूर नव्हे, सातवाहनकालीन अवशेषांचे) तिबेरियसच्या नाण्याचा छाप घेऊन केलेली मातीची पदके मिळाली आहेत. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला आपण 'पुतळी' म्हटले आणि त्याची माळ करून गळ्यात घातली, ती आवड अशी जुनी आहे.

महाराष्ट्रात मात्र चांदीच्या दिनारियसचे मोठे साठे मिळालेले नाहीत, आणि हे कोडे आहे. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात म्हटले आहे की भडोचच्या बंदरात सोन्याचांदीचे रोमन नाणे आणले तर स्थानिक पैशांच्या बदल्यात नफा मिळतो. ती चांदी घाटावर येऊन गेली कुठे? एक उत्तर असे, की ती क्षत्रप राजा नहपानाच्या टांकसाळीत आटली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला त्याची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांवर राजाचा चेहरा ग्रीक-रोमन धाटणीचा आहे आणि नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला ठसा मारला आहे. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा संबंध या एका साठ्याने जितका स्पष्ट केला तितका दुसऱ्या कशानेही केला नसता. आणि तो करू शकला याचे कारण साठा एकत्र नोंदला गेला. त्यातली पाच-पन्नास नाणी सुटी बाजारात येती, तर 'दुहेरी ठशाचे दुर्मिळ नाणे' म्हणून विकली गेली असती, एवढेच.

आपल्याकडे कायदे आहेत. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर सरकारला कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते विकायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. पण शेतात नांगराला हंडा लागला की आधी आठवते ती जप्ती. साठा घरातल्या घरात वाटला जातो, काही सराफाकडे मोडीत जातो, काही हातोहात शहरात येतो. शहरात तो कुणाकडे येतो? माझ्यासारख्यांकडे.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी एका मोठ्या अनुवादाचे मानधन हाती आले होते. हैदराबादेत एका सभागृहात नाण्यांचे प्रदर्शन भरले होते, तिथे एका वयस्कर विक्रेत्याच्या टेबलावर हा तिबेरियस होता. मी हातात घेतला आणि घाव पाहिला. सहज विचारावे तसे विचारले, "किधर का है ये?" त्याने गावाचे नाव सांगितले. म्हणाला, "पुराना माल है मॅडम, उधर खेत में निकला था." मी अक्षरे लावण्यात गुंतले होते. भाव केला, पैसे दिले, चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर लिहिले होते: रोमन, चांदी, एक नग.

ते नाव मला आज आठवत नाही. 'न' पासून सुरू होत होते एवढे आठवते. नलगोंडा असावे, किंवा नेल्लोर. दोन्ही नावे मी रोज ऐकते, म्हणून मेंदूने त्यांची गल्लत केली. नलगोंडा असेल तर नाणे कृष्णेच्या खोऱ्यातले, किनाऱ्यापासून आत. अक्कनपल्लीच्या जिल्ह्यातले, एखाद्या अजून न नोंदलेल्या साठ्याची वर्दी देणारे. नेल्लोर असेल तर पूर्व किनाऱ्यावरचे, आणि कहाणी निराळी. पुढच्या दोन प्रदर्शनांत मी त्या गृहस्थांना शोधले. ते दिसले नाहीत. खेत कुणाचे, बाकी नाणी किती, हे त्यांना कदाचित माहीत होते. मी विचारले नाही. तोंडी सांगितलेला शब्द नीट ऐकून लिहून ठेवणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि नेमका तोच शब्द मी घालवला. पेत्रार्कला विचारायचे सुचले नाही ते समजण्यासारखे आहे. मला ती सबब नाही.

संग्रह करू नये, असे मी म्हणत नाही. ज्यांनी शिकवले ते बहुतेक संग्राहकच होते. पण नाणे घेताना चेहऱ्याआधी गाव विचारावे, सांगितलेले तिथल्या तिथे लिहावे, आणि गाव सांगता येत नसेल, ते शेतातून नुकतेच निघाले असेल, तर हात मागे घ्यावा आणि जमल्यास जवळच्या वस्तुसंग्रहालयाला कळवावे, एवढे तरी वाटते. त्या एका खरेदीनंतर मी दुसरे घेतले नाही. हे नाणे संग्रहालयात दाखवले. तिथल्या बाईंनी वजन केले, ठसा वहीत टिपला, नाणे खरे असल्याचे सांगितले आणि मग तोच प्रश्न विचारला.

घरी येऊन मी नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी घातली. माझ्यामागे ते ज्याच्या हाती जाईल त्याला फसवणूक नको. चिठ्ठीवर लिहिले: तिबेरियस, लुग्दुनुम. चांदी, ३.६ ग्रॅम. डाव्या-उजव्या घावाने गाल कापलेला. गाव: नलगोंडा किंवा नेल्लोर. विकणाऱ्याने सांगितले होते, घेणारीने लिहून घेतले नाही.